ओढ्यापलीकडचा गाठाळ

कोल्हापूर स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत मी घरात एवढंच सांगितलं होतं, की आठ-दहा दिवस कच्छला दगड बघायला चाललोय. बायकोने भडंगाचा डबा पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "का? हितं दगडांचा दुष्काळ पडलाय?" शिवाजी पेठेतल्या बाईला साजेसाच प्रश्न. भूशास्त्र शिकवणाऱ्या नवऱ्याला ती लग्नापासून हेच विचारत आली आहे आणि मी दर वेळी हसत आलो आहे. या खेपेला हसू आलं नाही.

खरं कारण माझ्या टेबलावर पडलं होतं. तळहाताएवढा एक अमोनाइट, जो मी कितीतरी वर्षं कागद दाबायला वापरत होतो. कडेला त्याचा एक कपचा उडालेला होता.

अमोनाइट म्हणजे वेटोळ्या कवचाचा समुद्रातला प्राणी. ज्युरासिक काळात कच्छवर समुद्र होता, तेव्हाचा. प्राणी मेला, कवच चिखलात रुतलं, चिखलाचा खडक झाला. यांची गंमत अशी, की एकेक जात थोडाच काळ जगली, पण तेवढ्यात दूरदूरच्या समुद्रांत पसरली. म्हणून थरात कुठली जात आहे हे बघितलं, की तो थर कुणाच्या आधीचा आणि कुणाच्या नंतरचा हे सांगता येतं. जुन्या फोटोत काकाच्या अंगात बेलबॉटम दिसली की मागे साल लिहिलेलं नसलं तरी कळतं, तसंच. लॅटिन नावांना आमची पोरं वैतागायची. त्यांनी कोल्हापुरी नावं पाडली. फुगीर, गरगरीत तो पैलवान. चपटा, कडेला गाठींच्या दोन ओळी असलेला तो गाठाळ. पैलवान खालच्या, जुन्या थरात. गाठाळ वरच्या, नव्या थरात.

आणि एक नियम. अमोनाइट खडकात रुतलेला, म्हणजे जागेवर सापडायला हवा. उतारावर सुटा पडलेला असेल तर तो कुठूनही गडगडत आलेला असू शकतो. सुट्या दगडाच्या साक्षीवर थराचं वय ठरत नाही. हा नियम मी पहिल्याच दिवशी मुलांकडून घोकून घेत असे.

पुण्याला गाडी बदलायची होती. त्याच पुण्यात चार महिन्यांपूर्वी एका परिसंवादात मी मागच्या रांगेत पेंगत बसलो होतो. एका तरुण संशोधिकेने कच्छमधल्या एका डोंगराचा नकाशा पडद्यावर टाकला. डोंगर माझ्या ओळखीचा होता. पायथ्याच्या ओढ्यावरून तिने एक काळी रेघ ओढली होती. ती म्हणाली, "इथे भ्रंश असावा, पण जागेवर जाऊन खात्री करायची आहे." भ्रंश म्हणजे जमिनीतली चीर. चिरेच्या एका बाजूचा खडक खाली सरकतो आणि वरचा नवा थर खालच्या जुन्या थराच्या शेजारी येऊन बसतो. माझी झोप उडाली, ती उडालीच.

कच्छच्या भूकंपाच्या सहा-सात वर्षं आधी मी त्याच डोंगरावर एमेस्सीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. त्यात रतन कांबळे होता. मुरगूडचा, बौद्ध कुटुंबातला, वडील पोस्टात. बोलायला थोडका आणि हाताला पक्का. बाकीची पोरं मिळेल ते पिशवीत टाकायची. रतन आधी वहीत लिहायचा, मग छिन्नी लावायचा आणि दगडावर पांढऱ्या रंगाने थराचा क्रमांक घालायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पायथ्याच्या बाभळीखाली आम्ही स्टोव्हवर चहा केला. माझ्या हातात पहिला कप आला आणि रतन ओढ्याकडून पळत आला. हातात गाठाळ होता.

"सर, ह्यो वढ्यापल्याड गावला. खडकात रुतल्याला."

मी दगड बघितला आणि हसलो. गाठाळ डोंगराच्या माथ्याचा. पायथ्याला पैलवानाचा थर, ओढा त्याच्याही खाली. "वरून गडगडत आला असेल," मी म्हणालो.

"न्हाय सर, छिन्नीनं काढलाय. कडंचा कपचा तुटून तिथंच ऱ्हायलाय. चला की, खोबण दावतो."

"कांबळे, बस. चहा घे. पळून पळून तुला तसं वाटतंय."

पोरं हसली. रतन उभाच राहिला. मी त्याच्याकडून वही घेतली, 'जागेवर' या शब्दावर काट मारली आणि त्याला 'सुटा' लिहायला लावलं. दगडावरचा त्याचा क्रमांक मी दाढीच्या पानाने खरवडून काढला. पुढे प्रबंधात त्याने "ओढ्यात गाठाळ का?" असं एक प्रकरण लिहून आणलं, तेही मी गाळायला लावलं. सुटा दगड अभ्यासाला निरुपयोगी, म्हणून तो माझ्या टेबलावर आला.

आता विचार केला की कळतं, ही चूक कोल्हापूरच्याच माणसाने करावी अशी होती. आमच्याकडे सगळा काळा पाषाण, लाव्हाचे थर एकावर एक आडवे रचलेले. पन्हाळ्याला जा, जोतिबाला जा, खालचा थर जुना आणि वरचा नवा, त्यात फरक नाही. भ्रंश मी पुस्तकातून दरवर्षी शिकवत होतो, फळ्यावर झकास आकृती काढत होतो. पण माझ्या पायांना तो माहीत नव्हता. खाली उतरलं म्हणजे मागच्या काळात गेलं, हे पायांनी पक्कं धरलेलं होतं.

पुण्याहून अहमदाबाद आणि तिथून बसने भुज. भूकंपाला दोन वर्षं उलटून गेली होती. शहरात नवी घरं उठत होती, मधूनच एखादं अर्धं दार नुसतं उभं होतं. धर्मशाळेच्या मॅनेजरने कोल्हापूर ऐकल्यावर "महालक्ष्मी!" म्हणत हात जोडले आणि खोली खालच्या मजल्यावर दिली. "वरच्या मजल्यावर आता कोणी झोपायला मागत नाही," असं त्याने हिंदीत सांगितलं. रात्री जेवायला कढी-खिचडी होती. कढी गोड. आमच्याकडे कढीत साखर घालणाऱ्याला पंगतीतून उठवतील, पण प्रवासात मी जिभेला गप्प बसायला सांगतो.

सकाळी छकडो (मोटरसायकलचं तोंड लावलेली तीनचाकी) मिळाला. दोन तास हाडं खिळखिळी होईपर्यंत माळ तुडवला. गांडा बावळ (वेडी बाभूळ), पिवळं गवत आणि क्षितिजाला चिकटलेले चपटे डोंगर, एवढाच देखावा, पण डोळ्यांना बरा वाटत होता. वाटेत चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर टायर काढत होता तोवर मी उंटांचे, शेळ्यांचे आणि एका देखण्या म्हशीचे फोटो काढत सुटलो. वळून बघतो तर एक शेळी पिशवीत तोंड घालून भडंग खात होती. कोल्हापुरी तिखट तिला चांगलंच मानवलं होतं.

डोंगराच्या पायथ्याचं गाव चाळीसेक घरांचं. तिथे जुमाभाई भेटले. साठीचे, विहिरी खोदणारे, दाढी मेंदीने लाल केलेली. त्यांनी मला बघितलं, कपाळावर आठी घातली आणि म्हणाले, "साहब, आप पहले भी आये थे. बहुत लडके थे. बबूल के नीचे चाय बनाते थे."

मी चाट पडलो. "आप को याद है?"

"यहाँ आता कौन है, जो भूल जाऊँ?"

त्यांच्या सुनेने बाजरानो रोटलो (जाड भाकरी), लसणाची चटणी आणि पितळी पेल्यात छाश (ताक) आणून ठेवली. भाकरी मोडताना मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "जुमाभाई, वो जो वोकळो (ओढा) है, उसके दोनों तरफ का पत्थर एक ही है क्या?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दिवसा सूर्य कुठे आहे असं विचारलं होतं. "एक कैसे होगा? इस तरफ पचास हाथ पे मीठा पानी. उस तरफ सौ हाथ खोदो तो भी खारा. जमीन नीचे से टूटी हुई है, साहब. मेरे बाप ने बताया था."

"उस वक्त मुझे क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा नहीं," जुमाभाई म्हणाले आणि माझ्या ताटात गूळ ठेवला.

मी ताक संपवून उठलो, जुमाभाईही बरोबर निघाले. 

बाभूळ होती तिथेच होती, थोडी झुकलेली. मी तिच्या बुंध्याजवळ उभा राहिलो आणि ओढ्याकडे चालू लागलो. का कोण जाणे, पावलं मोजत गेलो. अलीकडच्या काठाला पैलवानाचा पिवळा थर, अगदी वहीत होता तसा. ओढा कोरडा होता. मधोमध चुरा झालेला खडक, आणि पलीकडच्या काठाला गुडघ्याएवढी एक भिंत. तिचा पृष्ठभाग वरून खाली घासून गुळगुळीत झालेला, त्यावर सरळ ओरखडे. फळ्यावर मी दरवर्षी काढतो तीच आकृती. तिच्या पलीकडे तांबूस खडक होता, माथ्यावरचा. खाली उतरलेला.

खोबण शोधायला वेळ लागला नाही. रतनची छिन्नी मला ओळखता आली. चारी बाजूंनी सारखे, नेटके घाव, उगाच एकही ठोका नाही. आत गोल ठसा, कडेला गाठींचे खळगे दोन ओळींत. मी बोटाने मोजले, दोनदा मोजले. आणि एका कडेला, खडकात घट्ट बसलेला, नखाहून जरा मोठा कपचा. माझ्या टेबलावरच्या दगडात जो नव्हता तो.

मी तिथेच बसलो. जुमाभाईंनी विचारलं, "तबियत ठीक है?" मी मान हलवली. तबियत ठीक होती. मला स्वतःची लाज वाटत होती. एक गोष्ट टोचत होती आणि ती सांगून टाकतो. रतनच्या जागी आमच्या पेठेतलं, आमच्याच घरांतलं एखादं पोर पळत आलं असतं, तर मी कप खाली ठेवून उठलो असतो का? चार जणांसमोर मी जातपात मानत नाही असं सांगत आलो. ओढ्यात बसून स्वतःला विचारलं तर उत्तर 'कदाचित उठलो असतो' असं आलं. ते मला आवडलं नाही, पण खोटं म्हणता येईना.

कॅमेरा काढला तर रोल संपलेला. शेळ्यांवर आणि म्हशीवर गेला होता. मग मी पिशवीतली बारीक छिन्नी काढली, कपचा अलगद सोडवला आणि काडेपेटीत कापसात ठेवला. रतनला दाखवायला काहीतरी हातात हवं, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

निघताना जुमाभाईंनी वाटेसाठी दोन रोटले बांधून दिले. "इस बार पूछ लिया, अच्छा किया," ते म्हणाले. टोमणा होता की आशीर्वाद, कळलं नाही. दोन्ही घेऊन निघालो.

कोल्हापूरला पोचलो, हात-पाय न धुता टेबलाकडे गेलो. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी दगडाला कपचा लावून बघत होतो. तो बसला. सांधा दिसेना. "याच्यासाठी गेला होता?" तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मग हितं काय करताय? त्या पोराकडं जावा की."

रतन आजऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, एवढं मला ठाऊक होतं. पुण्याला संशोधनासाठी त्याची निवड झाली होती, तो गेला नाही. घरची अडचण असणार, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी आजऱ्याच्या एस.टी.त बसलो. दगड मांडीवर रुमालात. शेजारच्या म्हातारबुवांनी कोपराने ढोसलं, "पावणं, जरा सरका की. काय हाय त्यात? नारळ?" दगड आहे म्हटल्यावर ते संशयाने दुसरीकडे बघू लागले. उत्तूर गेलं, झाडी दाट झाली, आणि गाव यायच्या आधीच भाजलेल्या काजूचा खरपूस, डोळ्यांना झोंबणारा वास आला. कारखान्यांच्या दारात काजूची टरफलं ढिगाने पडलेली.

रतन अंगणात सायकलची चेन बसवत होता. तिशी जेमतेम उलटलेली, तरी केस कानशिलांवर पिकलेले. मला बघून हात काळे तसेच घेऊन उभा राहिला.

"सर? तुम्ही? हितं?"

त्याच्या बायकोने पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. मी रुमाल सोडला, दगड सतरंजीवर ठेवला, शेजारी काडेपेटी. रतनने हात पुसले. कपचा उचलला, एकदा फिरवला आणि दगडाला लावला. त्याला शोधावं लागलं नाही.

"बसला की," तो म्हणाला.

"तो जागेवरच होता रतन. ओढ्यात भ्रंश आहे. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो दगडावरून नुसता अंगठा फिरवत राहिला, मी जिथे क्रमांक खरवडला होता तिथे.

"सर, मला वाटलं माझंच चुकलं आसंल."

"असं कसं? तू स्वतः काढला होतास ना?"

"काढलाता की. हाताला आजून आठवतंय. पन तुम्ही म्हनला, तुला तसं वाटतंय. आनि म्हैन्या-दोन म्हैन्यांनी मलाबी तसंच वाटाय लागलं. म्हनलं, सुटा कुठला आनि जागंवरचा कुठला, ह्ये ज्याला कळत न्हाय त्यानं पुन्याला जाऊन काय करायचं? म्हनून गेलो न्हाय."

"मला वाटलं, घरची अडचण..."

"घरची कसली अडचन? वडील तर ट्रंक घिऊन आलते मला."

बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला. आम्ही दोघंही उठलो नाही. मी माफी मागितली, पण तो शब्द एवढासाच निघाला आणि सतरंजीवरच राहिला.

जेवायला त्याच्या बायकोने घनसाळाचा (आजऱ्याच्या वासाच्या तांदळाचा) भात वाढला. रतनने दोन घास खाल्ले आणि काडेपेटीकडे बघून विचारलं, "सर, ह्यो कपचा काढायच्या आदी फोटू घेतला न्हवं?"

"रोल संपला होता."

"वहीत लिवलं?"

"नंतर, गाडीत लिहिलं."

"कुनी बघितलं काढताना?"

"एक विहीर खोदणारे होते."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "मग आता ह्योबी सुटाच की, सर. खोबनीत ऱ्हायला आसता तर कुनालाबी न्हिऊन दावता आला आसता."

माझा घास हातातच राहिला. पोरांकडून पहिल्या दिवशी घोकून घ्यायचा नियम मी पन्नाशी उलटल्यावर, माझ्याच विद्यार्थ्याच्या घरी पानावर बसून ऐकत होतो. आणि त्याचं याही वेळी बरोबर होतं.

"खोबन हाय न्हवं पन?" त्याने विचारलं.

"आहे. गाठींचे खळगे आहेत. तुझ्या छिन्नीचे घावही आहेत."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. दगड तो ठेवून घेईना. "माझ्याकडं शोभंला कशाला? कॉलेजात ठेवा, नीट लिवून."

स्टँडपर्यंत तो पोचवायला आला. गाडी लागायला अवकाश होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने एकदम विचारलं, "सर, बाभळीपास्नं वढा किती लांब हाय वो? मला लई लांब वाटलंतं. पळत आलतो म्हनून आसंल."

"दोनशे बारा पावलं," मी म्हणालो. "मी मोजली."

 गाडी आली, रतनने माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि हात वर केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी तो गाठाळ कपाटात ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं: जागेवर सापडला, ओढ्यापलीकडचा थर, शोधणारा रतन कांबळे. कपच्याला वेगळी चिठ्ठी लावली: सुटा, आणि खाली माझं नाव. पुण्याच्या त्या मुलीला पत्र टाकून भ्रंशाची जागा कळवली आणि तो आधी कुणाला दिसला तेही लिहिलं. एवढं सगळं करून टेबलाशी आलो. कागद वाऱ्याने उडत होते, त्यांना दाबायला काही नव्हतं.

प्रवासाहून आलं की लोक विचारतात, काय बघितलं? मी डोंगर सांगतो, छकडो सांगतो, भडंग खाणारी शेळी सांगतो. सगळे हसतात. ती दोनशे बारा पावलं मी कुणाला सांगत नाही. त्या दुपारी मी कप खाली ठेवून रतनबरोबर ती चाललो असतो, तर चहा गार झाला असता. एवढंच झालं असतं.